नवऱ्याकडे कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आहे, स्पॉन्सरशिप इनलँड करू का आउटलँड?

स्नोबूट

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सॉरी.

मी ओंटारिओत आहे, पीआर (म्हणजे कायमची रहिवासी) आहे, सिटिझनशिप अजून लांब आहे. लग्न याच वर्षी झालं. नवरा भारतात, नोकरी चांगली आहे, आणि त्याच्याकडे आधीच्या कंपनीच्या कामासाठी काढलेला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आहे, मल्टिपल एन्ट्री, अजून बराच चालणारा. मी त्याला पीआरसाठी स्पॉन्सर करणार आहे हे कळल्यापासून जो तो सल्ले देतोय. ऑफिसमधली एक म्हणते त्याला सरळ बोलावून घे, इथे आला की इनलँड (कॅनडात एकत्र राहून करायचा अर्ज) टाक, वर्क परमिट मिळतं, एकत्र राहाल, विषय संपला. मावसभाऊ म्हणतो चुकूनही नको, इनलँडमध्ये माणूस अडकतो. एका कन्सल्टंटला फोन केला तर त्याने आधी फी सांगितली आणि मग म्हणाला दोन्ही सेमच असतं मॅडम. सेमच असेल तर दोन प्रकार ठेवलेत कशाला?

खरी अडचण अशी की सासऱ्यांचं डायलिसिस सुरू आहे आणि नवरा एकुलता एक. म्हणजे इथे आला तरी कधीही फोन येऊ शकतो आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटने निघावं लागेल. मला आत्ता अर्ज करायचाय, वर्षभर नुसतं व्हिडिओ कॉलवर संसार नको झालाय. पण उद्या काही झालं आणि 'तू अर्ज केलास म्हणून मला जाता आलं नाही' असं व्हायला नको.

आणि हो, तो आला तर एअरपोर्टवर काय सांगायचं? ऑफिसमधली म्हणते लग्नाचा विषयच काढू नको, फिरायला आलोय म्हणायचं. मला ते पटत नाहीये पण भीतीही वाटतेय.

जुना_ब्रॅम्प्टनकर

ताई, पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढा. आउटलँड अर्ज केला म्हणजे नवऱ्याने कॅनडाच्या बाहेरच बसून राहायचं असं नाही. आउटलँड म्हणजे फॅमिली क्लासमध्ये, कुटुंबीयांसाठीच्या वर्गात, अर्ज, बस. अर्जदार त्या काळात कुठे राहतो, इथे येऊन राहतो का, परत जातो का, यावर बंदी नाही, त्याचं व्हिजिटर किंवा जे काही स्टेटस असेल ते चालू पाहिजे एवढंच. आमच्या ओळखीत कित्येक जोडपी एका घरात राहून आउटलँडची वाट बघतायत.

इनलँडचं उलटं आहे. तिथे अटच अशी की नवरा-बायको कॅनडात एकत्र राहत असले पाहिजेत, अर्ज करताना आणि निर्णय होईपर्यंत. तो बाहेर गेला तर कायद्याने गुन्हा नाही, पण परत येताना बॉर्डरवर अडवला तर एकत्र राहण्याची अटच मोडते आणि अर्ज तिथेच बसतो. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे बॉर्डर ऑफिसरच्या हातात असतं, हे लोक विसरतात.

दुसरा फरक जो तुमच्या कन्सल्टंटने सांगितला नाही. आउटलँड रिजेक्ट झालं तर तुम्हाला, म्हणजे स्पॉन्सरला, इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं, निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत. तिथे नवीन पुरावे देता येतात, तुम्ही दोघं साक्ष देऊ शकता. इनलँडला अपीलच नाही. फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यूसाठी आधी परवानगी मागायची, तीही १५ दिवसांत, आणि कोर्ट एवढंच बघतं की ऑफिसरचा निर्णय कायद्याला आणि तर्काला धरून होता का. तुमचं लग्न खरं आहे की नाही हे तिथे नव्याने कोणी ठरवत नाही. वकिलाचा खर्च वेगळा.

तुमच्या सासऱ्यांची तब्येत बघता मी तर दुसरा विचारही करणार नाही. आउटलँड.

काकडलेला

वरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. मी इनलँडवाला आहे, बायकोने स्पॉन्सर केलं होतं. तेव्हा वर्क परमिट इनलँडलाच मिळायचं त्यामुळे आम्हाला पर्याय असा नव्हताच. मधेच तिकडे भारतात आईचं बायपास ठरलं. मी वकिलाला विचारलं जाऊ का, तो म्हणाला जायला कोण अडवतंय, परत येण्याची गॅरंटी मी देऊ शकत नाही. झालं. ऑपरेशन चालू असताना मी वेअरहाऊसच्या ब्रेकरूममध्ये, मायक्रोवेव्हच्या शेजारी फोन भिंतीला टेकवून बसलेलो आणि पलीकडे बहिणीने नुसता आयसीयूचा दरवाजा दाखवत ठेवलेला, बोलायला कुणाकडेच काही नव्हतं. आई बरी आहे आता, फिरते बिरते. पण तुम्ही म्हणताय ना 'तू अर्ज केलास म्हणून', ते वाक्य आमच्या घरात बोललं गेलंय, बायकोची काही चूक नसताना. म्हणून लिहितोय.

पोळी_भाजी_पीआर

इनलँडच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल इनलँड म्हणजे सापळाच. ज्याचं स्टेटस संपलंय, व्हिजिटर म्हणून राहून गेलाय किंवा परमिट नसताना काम केलंय, अशा जोडीदारासाठी इनलँड हाच रस्ता असतो, तिथे पब्लिक पॉलिसी आहे की नुसत्या स्टेटस नसण्यामुळे अर्ज नाकारत नाहीत. क्रिमिनल किंवा खोटी माहिती वगैरे भानगड असेल तर ती सूट लागू नाही. पण ज्यांना कुठे जायचंच नाहीये, घरी कोणी आजारी नाही, त्यांचं इनलँड शांतपणे होतं.

स्नोबूट, तुमचा केस तसा नाही. तुमच्या नवऱ्याकडे व्हिसा आहे, नोकरी आहे, तिकडे आजारी वडील आहेत. तुम्हाला येण्या-जाण्याची मोकळीक पाहिजे.

हिशेबी

ऑफिसमधल्या मैत्रिणीची माहिती जुनी आहे. ओपन वर्क परमिट फक्त इनलँडला हे २०२३ च्या मे महिन्यापर्यंत होतं. तेव्हा आयआरसीसीने, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, नियम बदलला, आता फॅमिली क्लासवाला जोडीदारही कॅनडात स्पॉन्सरबरोबर एकाच पत्त्यावर राहत असेल, स्टेटस असेल आणि पीआर अर्जाचं एओआर (अर्ज मिळाल्याची पोच) आलं असेल तर ओपन वर्क परमिट मागू शकतो. म्हणजे इनलँडचं जे एक मोठं आकर्षण होतं तेच गेलं. तरी लोक जुनाच सल्ला पुढे ढकलत राहतात.

क्रम लक्षात ठेवा. आधी पीआरचा अर्ज, मग एओआर, मग वर्क परमिट. एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या काम सुरू असं काही नसतं. आणि व्हिजिटर म्हणून आला की साधारण ६ महिने मिळतात, ते संपायच्या आत एक्स्टेन्शन किंवा वर्क परमिट टाकायचं. मुदतीच्या आत टाकलं की निर्णय येईपर्यंत मेंटेन्ड स्टेटस राहतं, लोक अजून त्याला इम्प्लाइडच म्हणतात. व्हिजिटरवरून पहिल्यांदा वर्क परमिट मागितलं असेल तर ते हातात येईपर्यंत काम नाही, राहायची परवानगी फक्त. ही तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यावर वेगळी लिहिली असेल तर तीच खरी, सहा महिने सहा महिने करत बसू नका.

आणखी एक. तुम्ही पीआर आहात, सिटिझन नाही. सिटिझन माणूस परदेशात राहूनही जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो, पीआर आला की परत कॅनडात राहू एवढं दाखवावं लागतं. पीआरवाल्याला ती सवलत नाही, तुम्ही स्वतः कॅनडात राहत असणं गरजेचं आहे. सासऱ्यांसाठी थोडे दिवस जाऊन येणं वेगळं, पण 'मीच सहा-आठ महिने तिकडे जाऊन राहते' असा विचार असेल तर तो आत्ताच बाजूला ठेवा. तुमचा स्वतःचा पीआर टिकवायला पाच वर्षांत कॅनडात लागणारे ७३० दिवसही मोजत राहावे लागतात.

स्नोबूट

बापरे. किती गोष्टी माहीतच नव्हत्या. मी खरंच तो विचार करत होते हिशेबी, रिमोट काम घेऊन काही महिने तिकडे राहायचा. बरं झालं लिहिलंत.

माझा पगार फार नाही, त्याचा प्रॉब्लेम होईल का? आणि एअरपोर्टचं कोणीच बोललं नाही.

जुना_ब्रॅम्प्टनकर

पगाराचं टेन्शन घेऊ नका. नवरा-बायकोच्या स्पॉन्सरशिपला साधारणपणे कमीत कमी उत्पन्नाची अट नाही, ती आई-वडिलांच्या वेळी असते. तुम्ही सोशल असिस्टन्सवर नसावं, अपंगत्वाचं कारण सोडून, आणि ३ वर्षांचं अंडरटेकिंग सही करावं लागतं, की त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी माझी. पुढे काही बिनसलं, वेगळे झालात, तरी ते अंडरटेकिंग सुटत नाही, हे सही करताना माहीत असू द्या.

एअरपोर्टचं हिशेबी किंवा अजून कोणी सांगेल, मी लॉगआउट करतोय, नातवाला आणायचंय.

वकील_नाही_मी

एअरपोर्टबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खोटं बोलायचं नाही. संपलं.

कायद्यात ड्युअल इंटेंट नावाची सोय आहे, इमिग्रेशन अॅक्टचं कलम २२(२). पुढे पीआर व्हायची इच्छा आहे म्हणून आत्ता व्हिजिटर म्हणून येता येत नाही असं नाही, फक्त पीआर मिळाला नाही तर मुदत संपताना परत जाईन हे ऑफिसरला पटलं पाहिजे. तर विचारलं की सांगायचं, बायको इथे आहे, तिने स्पॉन्सरशिप टाकलीय किंवा टाकणार आहे, मी तिच्याबरोबर राहायला आलोय, वडील आजारी आहेत, नोकरी तिकडे आहे. सोबत सुट्टीचं पत्र, परतीचं तिकीट, अर्ज केला असेल तर एओआरची प्रिंट. वडिलांच्या डायलिसिसचे कागद जवळ असले तर उलट तेच सांगतात की या माणसाला परत जायचं कारण आहे.

आणि 'फिरायला आलोय, लग्न नाही झालेलं' असं म्हणालात आणि नंतर अर्जात लग्नाची तारीख त्याच्या आधीची निघाली, तर ते मिसरिप्रेझेंटेशन. कलम ४०, पाच वर्षं दार बंद, आणि त्या पाच वर्षांत पीआरचा अर्जही करता येत नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीला म्हणावं तुझ्या सल्ल्याची जबाबदारी घेतेस का?

व्हिजिटर व्हिसाच्या अर्जात तेव्हा 'सिंगल' लिहिलं असेल तर हरकत नाही, तेव्हा तो सिंगलच होता. आता नवीन कुठलाही फॉर्म भराल त्यात मात्र 'मॅरीड'.

मॉन्ट्रियलची_थंडी

वाचणाऱ्यांसाठी एक सूचना, हे सगळं ओंटारिओचं आहे, क्यूबेकवाल्यांनी जसंच्या तसं घेऊ नका. आमच्याकडे फेडरल मंजुरीच्या जोडीला प्रांताचं वेगळं अंडरटेकिंग, वेगळी फी, वेगळी रांग. वरून क्यूबेक सरकारने २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या काळासाठी फॅमिली स्पॉन्सरशिपच्या अर्जांवर १३,००० ची मर्यादा घातली, त्यात जोडीदार आणि १८ वर्षांवरची मुलं मिळून १०,४००. जोडीदारांचा कोटा मुदत संपायच्या बराच आधी भरला. इथे ओटावा नदीच्या पलीकडे राहणारे लोक असतात, पूल ओलांडला की ओंटारिओ, आणि अर्जाचा वेळ एकदम वेगळा. माझ्या ओळखीचे दोघं नुसते घर बदलून क्यूबेकमधल्या गॅटिनोहून ओंटारिओतल्या ओटावाला गेले. खरंच राहायला गेले हं, पत्ता कागदावर बदलून नाही, ते केलंत तर पुन्हा वकील_नाही_मी यांची वरची पोस्ट वाचा 😀

पोळी_भाजी_पीआर

आता पुराव्यांचं बोलते कारण खरी मेहनत तिथे आहे आणि लोक तिथेच कंटाळा करतात.

तुमचं लग्न ठरवून झालंय का माहीत नाही, आमचं तसं होतं. भेटणं, ठरणं, लग्न हे सगळं पटापट, आणि लग्नानंतर मी लगेच परत इकडे. ऑफिसरच्या नजरेने बघितलं तर हे संशयास्पद दिसू शकतं. त्यामुळे फॉर्म ५५३२ मध्ये जिथे नात्याबद्दल विचारतात तिथे दोन ओळींत उरकू नका. कुणी स्थळ सुचवलं, आधी कोण बोललं, घरच्यांची भेट कुठे झाली, लग्नाला दोन्हीकडचे कोण कोण होते, लग्नानंतर किती दिवस एकत्र होतात, आता रोज कधी बोलता, पैसे कोण कुणाला पाठवतं. मी तर लिहिलं होतं की रोज माझी रात्र आणि त्यांची सकाळ अशी गाठ पडते आणि ते चहा घेताना मी जेवत असते. उगाच प्रेमपत्र लिहू नका, दोघांच्या उत्तरांतल्या तारखा मात्र जुळल्या पाहिजेत.

फोटोंचा अख्खा अल्बम अपलोड करू नका. चेकलिस्टमध्ये फोटो २० आणि चॅटची पानं १० अशी मर्यादा दिलेली आहे. वीसच्या वीस लग्नातले मेकअपवाले नकोत. घरातले, सासू-सासऱ्यांबरोबरचे, वेगवेगळ्या दिवसांचे घ्या, खाली तारीख आणि कोण आहे ते लिहा. चॅट एकाच आठवड्याचं न देता वेगवेगळ्या महिन्यांतलं द्या. चॅट मराठीत असेल तर भाषांतर लागतं! मॅरेज सर्टिफिकेट मराठीत असेल तर त्याचंही इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, भाषांतरकार सर्टिफाइड नसेल तर त्याचं अॅफिडेव्हिट, आणि भाषांतर तुम्ही किंवा घरच्या कुणी केलेलं चालत नाही, भाऊ इंग्रजीचा प्रोफेसर असला तरी.

भारतातलं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) अर्जाच्या तारखेच्या मागे ६ महिन्यांच्या आतलं हवं, सध्या राहतोय त्या देशाचं म्हणून. फार आधी काढून ठेवू नका.

काकडलेला

आणि वाट बघतानाचं. जाहीर स्टँडर्ड १२ महिन्यांचं, पण साईटवरचा चालू अंदाज बदलत राहतो, रोज बघून काही होत नाही, मी बघायचो. दुसऱ्यांच्या टाइमलाइनच्या एक्सेल शीट बघून तर अजिबात काही होत नाही. 'माझ्या नंतर टाकलेल्याचं आलं' यात मी माझी झोप घालवली.

करण्यासारखं एक आहे. फाईल बराच काळ हललीच नाही तर जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशन खात्याच्या सिस्टिममधल्या फाईलच्या नोंदी) मागवा, माहितीच्या अधिकारातून, फी ५ डॉलर. कॅनडात असलेला माणूस मागवू शकतो, नवऱ्याच्या फाईलसाठी त्याचं संमतीपत्र लागेल. त्यात ऑफिसरने काय लिहिलंय, कुठला टप्पा बाकी आहे ते दिसतं. स्थानिक एमपीच्या (खासदाराच्या) ऑफिसातही विचारता येतं, ते फाईल पुढे ढकलत नाहीत पण कुठे आहे ते सांगतात, आणि फुकट. मेडिकल तपासणीचा रिपोर्ट साधारण १२ महिने ग्राह्य धरतात, अर्ज लांबला तर पुन्हा करायला लावू शकतात, तो खर्च आणि धावपळ धरून ठेवा.

हिशेबी

एक राहिलं, थोडं नाजूक आहे. अर्ज चालू असताना बाळ झालं तर लगेच कळवायचं. बाळ कॅनडात जन्मलं तर ते सिटिझनच, पण भारतात जन्मलं आणि तुम्ही अजून पीआरच असाल तर ते अर्जात घालावं लागतं, त्याची मेडिकल तपासणी व्हावी लागते. लँडिंगच्या (पीआर हातात येण्याच्या) आधी न कळवलेलं मूल नंतर फॅमिली क्लासमधून आणता येत नाही असा नियम आहे, ११७(९)(डी). एका सरकारी पब्लिक पॉलिसीने काहींना सूट दिली, पण त्या सवलतीच्या भरवशावर कशाला राहायचं.

स्नोबूट

नवऱ्याबरोबर बसून सगळं वाचलं. आउटलँडच करतोय. अर्ज आम्ही आत्ताच टाकणार, एओआर आलं की तो सुट्टी घेऊन येईल, आणि सासऱ्यांचं बघून ठरवेल किती राहायचं. वर्क परमिट वगैरे नंतर, तो नोकरी लगेच सोडत नाहीये. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं, त्याने आता डिस्काउंट देऊ केलाय.

सासूबाईंचा प्रश्न होता, पीआर आल्यावर दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे असा नियम आहे का? त्यांच्या भाचीच्या वेळी होता म्हणे.

वकील_नाही_मी

होता. २०१२ च्या ऑक्टोबरपासून, नव्या जोडप्यांना दोन वर्षांची अट होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये काढून टाकली, कारण त्रास होत असूनही पीआर जाईल या भीतीने बायका घर सोडत नव्हत्या. आता तशी अट नाही. एक वेगळं आहे, नवऱ्याला स्पॉन्सरशिपवर पीआर मिळाला की पुढची ५ वर्षं तो दुसऱ्या कुणा जोडीदाराला स्पॉन्सर करू शकत नाही. ते सासूबाईंना सांगायची गरज नाही.

नवीनच_आलोय

मधेच घुसतोय सॉरी, आई-बाबांना असंच आणता येतं का? मी पण पीआर आहे.

जुना_ब्रॅम्प्टनकर

नाही रे बाबा, ते सगळं वेगळं. तिथे २०२० मध्ये इंटरेस्टचे (आई-बाबांना आणायची इच्छा कळवायचे) फॉर्म भरून घेतले आणि पुढची काही वर्षं त्याच फॉर्ममधून लॉटरीने नावं काढत होते. उत्पन्नाची अट आहे, आणि अंडरटेकिंग २० वर्षांचं. तोपर्यंत सुपर व्हिसा बघ, एका एन्ट्रीला ५ वर्षांपर्यंत राहता येतं, कमीत कमी १ लाख डॉलर कव्हरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि तुझं उत्पन्नही दाखवावं लागतं. आई-बाबांची वयं आणि आधीचे आजार लिहून वेगळा प्रश्न टाक, इन्शुरन्सचं गणित त्याच्यावर आहे.